नियमांचा खर्डा

वडगावात, मागांच्या खडखडाटात,
वाचनालयाच्या भिंतीला एक फळा आहे.
खडू सुतळीला बांधलेला. ज्याला वाटेल त्यानं लिहावं.
हेस्कॉमची लाईट कधी जाणार,
कुणाकडे कांड्या भरायला बाई पाहिजे,
मंगाईच्या जत्रेला कुणाकडे किती पाहुणे.
मराठीत, कानडीत, कधी एकाच ओळीत दोन्ही.
पुसायचं फडकं माझ्याकडे.
वीस वर्षं जॉबर होतो,
तुटलेला धागा लांबून दिसतो, म्हणून दिलं असेल.

मग रात्रीचं कुणीतरी लिहायला लागलं.
आधी नीलव्वा होसमनीचं मराठी:
ती ‘पाणी आला’ म्हणते, त्यावर चार ओळी, यमक जुळवून.
मग वामन ढोपेचं कानडी.
मग दोघांना एकमेकांच्या नावानं प्रश्न,
साळसूद, वर ‘कृपया’ लिहून,
आणि सकाळी नळावर दोन घरं भांडली.
लिहिणारा कुठंतरी कपबशीत चहा ओतत असेल.

बैठक बसली. परशराम धामणेकर म्हणाले,
“शिव्या बंद. संपला नियम.”
लिहून घेतला.
गिरिजाक्का उठली:
“नातवाला मी दिवसातनं धा वेळा हुच्चा म्हणतो,
त्याशिवाय घास उतरत नाही त्याला.
मला पण पुसणार काय?”
हसलो. खोडला.
आणि ज्यानं दोन घरं पेटवली
त्याच्या ओळीत एक शिवी नव्हती की ओ.

कुणी म्हणालं, भाषेवर लिहायचं नाही.
मग इथं लिहायचं कशावर?
कुणी म्हणालं, फळाच काढून टाका.
भिंतीवर चौकोन राहील, पांढरा,
त्यावर कोळशानं लिहितील.

आता जे बैठकीत सांगितलं नव्हतं ते.
सातव्या रात्रीची ओळ होती:
‘पंख्याच्या वर्गणीचे नऊशे कुठे आहेत?’
तेच अक्षर, गळासारखा वाकडा र.
नऊशे माझ्या ट्रंकेत होते. म्हणजे आधी होते,
मग बायकोच्या औषधाला गेले,
परत ठेवणारच होतो.
मी फडकं भिजवलं, दोनदा फिरवलं,
आणि स्वतःशी मोठ्यानं म्हणालो: खोडसाळपणा.
मागं कस्तुरी उभी, नववीतली, दप्तर पाठीला.
“मामा, त्यात खोटं काय होतं?”
मागांचा आवाज त्या वेळी नेमका बंद.
लाईट गेली होती.

दुसरा खर्डा मी लिहिला. तिखट झाला,
खर्डा म्हटल्यावर व्हायचाच.
पुसण्याआधी वहीत उतरवायचं, जसंच्या तसं,
कारण शेजारी, दोन्ही लिपीत.
ज्याच्यावर लिहिलंय त्याला आधी विचारायचं,
हसलास का,
आणि तो ‘हो’ म्हणताना खाली बघत असेल
तर ते ‘हो’ धरायचं नाही.
चुकला त्याला आठ दिवस खडू नाही.
नवव्या दिवशी न मागता खडू द्यायचा.
फडकं ज्याच्या हातात, त्याच्यावरची ओळ
त्यानं पुसायची नाही.
हे वाचताना मी नऊशे टेबलावर ठेवले,
काही नोटा मळक्या होत्या.
कुणी काही बोललं नाही. धामणेकरांनी मोजले.

मल्लू हुलबत्त्याला आठ दिवस खडू नव्हता.
अक्षर सगळ्यांनाच माहीत होतं,
नियम होईपर्यंत कुणी नाव घेतलं नव्हतं इतकंच.
तो रोज यायचा, फळ्यासमोर थांबायचा,
पेपर उलटा धरून वाचायचा.

नवव्या दिवशी सकाळी गळासारखा र:
‘उद्या दुपारी लाईट नाही. कांड्या आज भरून ठेवा.’
आणि खाली, मोठ्या, हळू अक्षरात,
नीलव्वा:
‘बरं. पाणी पण आला नाही.’

मी फडकं खिळ्याला अडकवलं
आणि घागर आणायला घरी गेलो.